हात बापूचा, फर्मा माझा

बापू, इकडं ये जरा. असा दाराच्या चौकटीला टेकून पाव्हण्यासारखा उभा राहू नको. जवळ ये, बस. मला तुला रागवायचंय, आणि लांबून रागावलं की सारी गल्ली ऐकते. काम अर्धं टाकून उठायची ही कुठली रीत रे? तूच सांगायचास ना, चहाला उठायचं असलं तरी हातातला स्क्रू पुरा पिळून उठावं. आणि स्वतः काय केलंस? मुदखेडच्या नव्या घरातल्या ओट्याखालच्या ट्रॉल्यांना वरच्या रांगेची हँडलं लावलीस, खालची रांग तशीच ठेवलीस, ड्रिलची वायर गुंडाळलीस, "उद्या येतो" म्हणून घरी आलास, आणि सकाळी उठलाच नाहीस. मोठ्या बहिणीच्या आधी जायचं, वर काम अर्धं टाकून जायचं. एकात दोन गुन्हे केलेस बघ.

बरं, रागावणं होईल सावकाश. आधी खबर ऐक. झालं ते काम! खालची रांग लागली. मी लावली, आणि तुझ्या बायकोनं, सुमननं लावली. हाव, सुमननं. तिनं ड्रिल चालवली, बापू. तू असतास तर डोळ्यावरचा चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघितलं असतंस.

घरात अजून लोक येऊन बसतात. जो येतो तो तुझं चांगलं सांगतो. बापू मिस्त्री म्हणजे देवमाणूस, बापू मिस्त्री कधी आवाज चढवून बोलला नाही. मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, माझ्यावर किती चढवलास ते मला विचारा की. आपलं भांडण कुणीच सांगत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शाळा माझी चौथीपर्यंतची, बाकीचं वाचणं-लिहिणं दुकानाच्या पाट्या आणि रद्दीचे पेपर वाचून आलं. चुकलं तर हसू नको.

तुझे दाजी गेल्यावर मी जळकोटाहून लोह्याला तुझ्या घरी आले. माहेरी परत आलेल्या बहिणीला लोक चूल देतात. चार दिवस रडू देतात आणि पाचव्या दिवशी पोळपाट पुढं सरकवतात. तू तसं केलं नाहीस. मला दुकानात नेलंस, एका स्टुलावर बसवलंस आणि हातात दोरीचं टोक दिलंस. "आक्का, धर. ताण. जास्ती न्हाई. आता श्वास सोडू नको." दुसरं टोक तुझ्याकडं. मध्ये सगळ्या ड्रॉवरांच्या समोरून दोरी जायची, आणि तू एक डोळा मिटून, पेन्सिल कानावरून काढून खुणा करत जायचास. हँडल हा सुताराच्या कामाचा शेवटचा घास, असं तुझं म्हणणं. महिनाभर रंधा मारा, पॉलिश करा, बिजागऱ्या बसवा. गिऱ्हाईक दारात येतं आणि पहिल्यांदा हँडलांची रांग बघतं. ती वाकडी तर सगळं काम वाकडं.

ते मला पटलं. दोरी नाही पटली. तुझ्यासाठी श्वास धरता धरता माझा जीव जायची पाळी यायची. एका कपाटाला सकाळ जायची. तू जेवायला गेलास की मी स्टुलावर बसून विचार करायची, दर ड्रॉवरला तेच माप, तीच दोन भोकं, मग दर वेळी नव्यानं का मोजायचं? शेवयाच्या साच्यातून शेवया निघतात, त्या काय कुणी एकेक मोजून काढतं?

मग मी प्लायचा एक तळहाताएवढा तुकडा घेतला. वरच्या काठाला मागून एक पट्टी खिळली, म्हणजे तो ड्रॉवरच्या वरच्या कडेवर अडकून बसेल. मधोमध एक रेघ ओढली. रेघेच्या दोन्हीकडं सारख्या अंतरावर, हँडलच्या मापानं दोन भोकं पाडली. ड्रॉवरच्या मध्यावर खूण करायची, रेघ खुणेला लावायची, पट्टी कडेवर दाबायची आणि भोकातून ड्रिल घालायची. झालं. दोरी नको, श्वास नको, बापू नको.

ते "बापू नको" मी उगाच मोठ्यानं म्हणाले, आणि तू दारात उभा.

"काय हाय हे?"

"फर्मा हाय."

"हे अवजार न्हाई आक्का, कुबडी हाय. ज्याला हात न्हाई त्यानं घ्यावी."

"मला न्हाईच की हात. मला कुठं तुझ्यासारखा हात हाय? म्हणूनच केला."

तू रंधा उचलून कामाला लागलास. पण संध्याकाळी बघते तर माझा फर्मा उचलून तू उजेडात धरलेला, एका भोकातून एक डोळा लावून बघून राहिलेला.

लाकडाचं भोक ड्रिलनं घासून मोठं व्हायला लागलं, मग हँडलं डुगडुगायची. त्यात लोखंडी नळी बसवली तर घासणार नाही, हे मला सुचलं. पण एवढी बारीक नळी आणायची कुठून? घरात वरच्या फळीवर तुझा ट्रान्झिस्टर होता. किती वर्षं मुका पडलेला! त्याचा एरियल ओढला की एकातून एक बारीक नळी निघते. त्यातली ड्रिलच्या मापाची मी काढली, करवतीच्या पात्यानं दोन तुकडे कापले आणि भोकात ठोकले. अगदी मापात बसले. तू घरभर ओरडलास. "माझा रेडिओ! आक्का, माझ्या रेडिओचा एरियल कापला! उद्या माझा कान कापशील." सुमन आतून म्हणाली, "कापू द्या की, कुठं ऐकू येतं तुम्हाला?" ती त्या दिवशी किती हसली होती, आठवतं?

आणि मग तो दसरा. दर दसऱ्याला दुकानात अवजारांची पूजा असायची. रंधा, पटाशी, करवत, गुण्या, सगळे पाटावर ओळीनं. माझा फर्मा कोपऱ्यात भुश्यात. त्या वर्षी तू पाटावर रंधा ठेवलास, पटाशी ठेवलीस, आणि मागं न बघता हात लांब केलास. "दे." मी म्हटलं, काय? "तुझं ते काय हाय ते दे." मी फर्मा दिला. तू त्याला रंध्याच्या शेजारी ठेवलंस. हळद-कुंकू वाहिलंस, वर अक्षता टाकल्यास. माझ्या डोळ्याला पाणी आलं, बापू. तुला वाटलं उदबत्तीचा धूर. मी धुराचंच नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आपण कापडाच्या दुकानाच्या काउंटरला हँडलं लावायला गेलो. मी ऐटीत फर्मा काढला आणि भराभर भोकं पाडून सगळी हँडलं लावली. तू बाहेर चहा पिऊन राहिलेला. आत आलास, बघितलंस. चहा नाकातून बाहेर.

"आक्का, ही हँडलं कुणाला नमस्कार करून राहिलीत?"

सगळी एका बाजूला कललेली. वाऱ्यानं ज्वारीची ओळ कलते ना, तशी. तू फर्मा उलटा केलास आणि पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात नख घातलंस. कुंकवात चिकटून वाळलेला अक्षतेचा एक दाणा! त्या दाण्यानं एक बाजू वर उचलली होती. कालच देवपण मिळालेला माझा फर्मा आज पहिल्याच दिवशी वाकडा चालला.

तू तो दाणा तळहातावर घेऊन मला दाखवलास. "बघ. हात चुकला तर एक भोक चुकतं. फर्मा चुकला तर अख्खं घर चुकतं."

"तांदूळ टाकला कुणी? तूच ना?"

"देवाचा तांदूळ हाय. त्याला काय बोलायचं? तुझ्या फर्म्यात त्याला जागा न्हाई, त्याला मी काय करू?"

हँडलांच्या खाली पितळी चकत्या लावून तू भोकं झाकलीस. दुकानदाराला सांगितलंस, ही नवी फॅशन हाय. तो खूश. मला मात्र तुझं शेवटचं बोलणं डोक्यात बसलं. तू चेष्टेत बोललास, मी खरं धरलं. जागा नाही काय? मग करू की जागा. पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात मी पटाशीनं एक खाच मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाणा पडला तरी खाचेत पडेल, भुसा साचला तरी खाचेत साचेल, पट्टी कडेवर घट्टच बसेल. तेव्हापासून त्या फर्म्यानं एक हँडल वाकडं लावलं नाही. पण ती खाच कुणाची, यावर आपला निकाल लागला नाही. तू म्हणायचास माझ्या बोलण्यामुळं झाली, मी म्हणायची माझ्या हातानं झाली. आणि हात मोठा का फर्मा मोठा, हे तर राहिलंच. तुझी कामं तू दोरीवर करायचास, माझी मी फर्म्यावर.

म्हणून मुदखेडची वरची रांग तू तुझ्या हातानं केलीस. शकुंतलाबाईंचं नवं घर, वास्तुशांत तोंडावर आलेली. मला ताप होता, मी घरी. तुझ्याबरोबर दोरी धरायलाही कुणी नव्हतं. एक टोक खिळ्याला बांधलं असशील.

तुझं तेरावं झालं आणि शकुंतलाबाईंचा सुमनला फोन आला. बाई वाईट नाहीत. अवघडून बोलत होत्या. "वैनी, गैरसमज करून घेऊ नका. दिवस थोडे राहिले. नांदेडचा एक मिस्त्री बघून गेला. तो म्हणतो, दुसऱ्याच्या हाताला जुळवून घ्यायला जमायचं न्हाई. वरची हँडलं काढून भोकं बुजवतो, सगळ्याला नवा सनमायका लावतो आणि एकसारखं करून देतो. चालंल ना?"

सुमननं फोन हातात तसाच धरला. तू गेलास त्या दिवशी गेली नव्हती तेवढी आता तिच्या तोंडावरची कळा गेली. मला एवढंच म्हणाली, "वन्सं, भोकं बुजवणार म्हणे."

तुझं शेवटचं काम होतं ते, बापू. त्याच्यावर पुट्टी फिरणार आणि वर मायका चिकटणार. मग तू त्या घरात आलाच नव्हतास असं होणार.

मी फोन ओढून घेतला. "बाई, मी बापूची आक्का. एक दिवस द्या. खालची रांग वरच्या रांगेला जुळली न्हाई, तर त्या मिस्त्रीला मीच चहा करून पाजीन आणि पुट्टीही मीच कालवून देईन."

फोन ठेवल्यावर सुमन म्हणाली, "वन्सं, आपल्याला जमंल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं? तू येणार हायस ना संगं?" तिला वाटलं मी मस्करी करते. दुसऱ्या दिवशी एसटीत ती माझ्या शेजारी, मांडीवर ड्रिलची पिशवी. लोह्याहून नांदेड, नांदेडहून मुदखेड.

दारात पोचलो आणि माझाच पाय अडला. नवं घर, शांत व्हायची राहिलेली, आणि आम्ही दोघी या अशा. गल्लीतल्या बायका निघताना बोलल्याच होत्या. शकुंतलाबाईंच्या सासूबाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या. चांगल्या पिकलेल्या, हाताची पेरं सुजलेली. मी बाहेरूनच विचारलं, "आजी, आत यावं का? आम्ही दोघी कशा हाव ते दिसतंयच तुम्हाला."

आजी म्हणाल्या, "मी कशी हाय ते तुला दिसत न्हाई का? माझा म्हातारा जाऊन जमाना झाला. मग मी काय गच्चीवर राहू? ये आत. आणि चपला तिकडं काढ, फरशी नवी हाय."

सुमन हसली, बापू. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली तुझी रांग. मी खाली बसून डोळा लावला. काय सांगू! सुतात मणी ओवावेत तशी. मग मी माझा फर्मा काढला, तुझ्या पहिल्या ट्रॉलीवर आतून ठेवला, आणि गार पडले. माझ्या फर्म्याची भोकं वर, तुझी भोकं खाली. दोन सूत, म्हणजे पाव इंच खाली. दुसऱ्या ट्रॉलीवर ठेवला, दोन सूत. तिसऱ्यावर, दोन सूत. आपलं दुकानाचं माप ठरलेलं, मग तू खाली का गेलास? चुकलास? तुझा हात शेवटी शेवटी थकला होता का? हा विचार मनात आला आणि मला तिथंच रडायला आलं असतं, पण आजी मागून काठी टेकत आल्या.

"काय बघून राहिलीस?"

"आजी, ही हँडलं थोडी खाली लावलीत त्यानं."

"मग? खालीच लागणार. त्यानं मला इथं उभं केलं, म्हणला, आजी, मूठ दाखवा. ही बोटं बघ माझी. त्यानं आधी वर धरलेल्या हँडलात घातली की दगड लागायचा." ओट्याचा ग्रॅनाइट पुढं आलेला, त्याची कड. आजींनी तुझी ट्रॉली ओढून दाखवली. सुजलेली पेरं दगडाखालून अलगद गेली आणि ट्रॉली बाहेर आली. "आता लागत न्हाई."

बापू, मी हरले. लिहून देते, हरले. माझ्या फर्म्यानं सात जन्मात आजींची मूठ बघितली नसती. ते हातच बघतो.

पण आता ऐक मी काय केलं. माझा जुना फर्मा पिशवीत टाकला. प्लायचा नवा तुकडा घेतला, वर पट्टी खिळली, पट्टीत खाच मारली, मधोमध पटाशीच्या टोकानं रेघ ओढली. तुझ्या रांगेतल्या मधल्या ट्रॉलीचं हँडल काढलं, रेघ ट्रॉलीच्या मध्यावर धरून तुकडा समोरून घट्ट दाबला आणि सुमनला म्हटलं, "आतून ड्रिल घाल. त्याच्या भोकातून."

"मी?"

"मग काय आजींना सांगू?"

तिनं ड्रिल उचलली. मी म्हटलं, "सुमन, श्वास धर." तुझंच वाक्य. तिनं श्वास धरला आणि ड्रिल चालवली. तुझ्या भोकातून आत गेली आणि माझ्या प्लायमधून बाहेर आली. पहिलं भोक, मग दुसरं. तुझ्या हाताचा फर्मा झाला, बापू! मोजलं नाही, पेन्सिल नाही, मोजपट्टी नाही. तू जिथं ठरवलंस तिथंच.

मग तो फर्मा मी तुझ्या बाकीच्या ट्रॉल्यांवर आतल्या बाजूनं ठेवून बघितला. एकेका हँडलच्या स्क्रूच्या डोक्यावर भोक येऊन बसलं. एका दोरीवर, एका डोळ्यावर, एकट्यानं केलेलं काम, आणि केसाचा फरक नाही. मी तिथं बसून मोठ्यानं हसले. शकुंतलाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काय झालं.

भोकं पाडायच्या आधी मी एका वाया गेलेल्या तुकड्यावर करून बघितलं. तुझा धाक हाय अजून. फर्मा चुकला तर अख्खं घर. मग खालची रांग. मी फर्मा दाबायची, सुमन ड्रिल चालवायची, मागून एक लाकडाचा तुकडा धरायचा म्हणजे मायक्याचे टवके उडत नाहीत. चौथ्या-पाचव्या ट्रॉलीपासून ती मलाच सांगायला लागली. "वन्सं, रेघ बघा, सरकली." हाव बाई, सरकली. "वन्सं, तुमचा अंगठा काढा, लागंल." दिवस कलायच्या आत सगळी हँडलं लागली.

शकुंतलाबाई लांब, दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक जिथून बघतं तिथून. वरची रांग, खालची रांग. बराच वेळ बघितलं. मग फोन लावला आणि त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "भाऊ, काम झालं. हाव, दोन्ही रांगा. न्हाई, काही बुजवायचं न्हाई." आणि लगेच मला, "मावशी, आता वरच्या कपाटांचं पण तुम्हीच बघा."

आजी प्रत्येक ट्रॉली ओढून बघत होत्या. लहान लेकराला नवा खुळखुळा मिळावा तशा.

आणि सुमन. ती ओट्यापाशी खाली बसली आणि एका हँडलवर हात ठेवला. सगळा तळवा. मला म्हणाली, "वन्सं, हे ह्यांनी लावलेलं हाय. हात लावला की कळतं."

खालच्या रांगेतलं होतं. आम्ही दोघींनी तासाभरापूर्वी लावलेलं.

सांगायचं तरी काय? आणि खोटं तरी कुठं होतं ते?

तर हे असं झालं, बापू. दुकानाचं शटर परवा उघडलं. सुमन येते, मी येते. आपल्या भांडणाचा निकाल लावायला आता मला वेळच वेळ हाय, आणि तू नाहीस. तू एकदा तरी तोंडानं म्हणायला हवं होतंस, की आक्का, फर्मा चांगला केलास. मला ठाऊक हाय तू एका भोकातून डोळा लावून बघितलंस, मला ठाऊक हाय तू त्याला रंध्याच्या शेजारी ठेवलंस, पण म्हणाला नाहीस. मीही कुठं म्हणाले? त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बसायला मला लई आवडायचं. कंटाळा यायचा, मान दुखायची, पण तू डोळा मिटून खूण करायचास तेव्हा मला वाटायचं, माझ्या हातात टोक हाय म्हणून हे सरळ चाललंय. सगळं संपलं म्हणून मी जळकोटाहून आले होते आणि तू मला म्हणालास, आक्का, धर. एवढंच म्हणालास. माझं उरलेलं आयुष्य मी त्या एका शब्दावर काढलं. हे तुला सांगायचं राहिलं. आता सांगितलं.

आता उठ आणि पहिल्यांदा मुदखेडला जाऊन ये. स्वयंपाकघरात उभा राहा, एक डोळा मीट आणि दोन्ही रांगा नीट बघ, तुझ्या सवयीनं. एखादं हँडल वाकडं सापडलं, तर तसाच इकडं ये आणि मला पोटभर बोल. मी ऐकून घेईन. आणि न्हाई सापडलं, सगळं सरळ असलं, तरी ये. लवकर ये.